अण्णांची हरवलेली नामं

माझे वडील आमच्याच गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. घोडेगावपासून जवळच आमचं गाव, आणि मीही त्याच शाळेत शिकले. घरी अण्णा आणि वर्गात सर, ही कसरत मला रोज करावी लागायची. चुकून वर्गात 'अण्णा' निघालं की पोरं दिवसभर चिडवायची.

आठवीच्या वर्गावरचा त्यांचा पहिला तास दरवर्षी एकच असे. पुस्तक उघडायचं नाही. खिशातला रुमाल, सायकलची किल्ली, पेन, कंगवा असं एकेक काढून टेबलावर ठेवायचं आणि विचारायचं, "हे काय?" पोरं मराठीत ओरडायची, अण्णा इंग्रजी शब्द सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "ज्याला नाव आहे ते नाउन. माणूस असो, गाव असो, वस्तू असो, नाहीतर मनातली गोष्ट. नाव नसलेलं काही सापडलं तर उद्या घेऊन या."

पोरं खरंच घेऊन यायची. एका मुलीने कांद्याच्या दोन थरांमधला ओलसर पातळ पदर अलगद सोलून कागदात गुंडाळून आणला होता. तिला वाटलं, आता सर अडकणार. अण्णांनी तो बोटावर घेतला, उजेडात धरला आणि म्हणाले, "पापुद्रा. म्हणजे हाही नाउनच. बस खाली." मग फळ्यावर नामाचे प्रकार यायचे. विशेषनाम, सामान्यनाम, समूहवाचक, पदार्थवाचक, भाववाचक. इंग्रजीत ते एका लयीत म्हणून घ्यायचे: प्रॉपर, कॉमन, कलेक्टिव्ह, मटेरियल, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट. मी पुढे एसटीत कंडक्टर झाले, श्रीरामपूर डेपोला. अजूनही एखादा उतारू तिकीट घेताना माझ्याकडे निरखून बघतो, सरांची मुलगी ना म्हणतो आणि ते पाच शब्द त्याच लयीत म्हणून दाखवतो.

अण्णा निवृत्त झाले, शेतात रमले. थोडा ऊस, थोडा कांदा, दोन म्हशी. आणि एका सकाळी, दात घासताना, त्यांच्या हातातून ब्रश पडला.

मी ड्यूटीवर होते. गाडी नेवाशाच्या स्टँडवर उभी होती. चुलतभावाचा फोन आला. "ताई, काकांना टेम्पोत घातलंय, नगरला नेतोय. तोंड वाकडं झालंय. तू परस्पर दवाखान्यातच ये."

मी पोचले तेव्हा डॉक्टरांनी जे करायचं ते केलं होतं. वेळेत आणलं म्हणाले, जीव वाचला. उजवा हात ढिला पडला होता, पाय थोडा ओढत होता. दोन्ही सुधारतील असं ते म्हणाले. बोलण्याचं काय, ते कुणी लगेच सांगितलं नाही. ते आम्हाला अण्णांनीच सांगितलं, तिसऱ्या प्रहरी, पाणी मागताना.

"अगं," ते आईला म्हणाले, "ते दे. ते... पितात ते."

आईने चहा पुढे केला. त्यांनी मान हलवली. "नाही. हे नाही. तहान लागल्यावर पितात. ते. दे ना."

आईने पाणी दिलं. ते प्याले आणि भांड्याकडे बघत राहिले. देणं होतं, पिणं होतं, लागणं होतं. पाणी नव्हतं. वाक्य सगळं उभं होतं आणि मधला शब्द जाग्यावर नव्हता. पेला नव्हता, खाट नव्हती, खिडकी नव्हती. माझ्याकडे बघून डोळ्यांत ओळख यायची, ओठ हलायचे, आणि माझं नाव यायचं नाही.

दवाखान्यात बोलणं सुधारणारी एक तरुण बाई होती, तीही उपचारच करायची, फक्त शब्दांवर. तिने मला बाजूला बोलावून समजावलं. "त्यांना सगळं कळतंय. विचार शाबूत आहे. वस्तू दिसते, ती कशाला वापरतात तेही ठाऊक आहे. नाव तेवढं सापडत नाही. काही पेशंटच्या बाबतीत असं होतं, नामंच जास्त जातात."

नामंच. मी तिथे बाकावर बसले आणि मला हसू की रडू ते कळेना. तिला मी सांगितलं की यांनी आयुष्यभर तेच शिकवलं. ती म्हणाली, "मग बरंच आहे. त्यांना त्याची सवय आहे." मला तेव्हा त्यात बरं काय ते दिसलं नाही.

ती चित्रांचे पत्ते घेऊन अण्णांसमोर बसायची. कप, गाय, छत्री, चप्पल. "हे काय, काका?" अण्णा चित्राकडे बघायचे, घाम यायचा. चौथ्या-पाचव्या पत्त्याला ते डाव्या हाताने सगळी चळत ढकलून द्यायचे. ज्या माणसाने उभ्या गावाला 'हे काय' विचारलं, त्यालाच आता कुणीतरी विचारत होतं. त्यांना लाज वाटत होती, हे मला आणि आईला दिसत होतं.

घरी आणल्यावर ते आणखी गप्प झाले. मी रजा टाकून काही दिवस राहिले, मग मला जावंच लागलं. आई एकटी. आई पाथर्डीकडची, चौथीपर्यंत शिकलेली. तिच्या माहेरी दरसाल ऊसतोडीला जायचे, शाळा तशीच सुटली होती. अण्णा काहीतरी मागायचे, "ते आण, ते," आणि आई घरातली एकेक वस्तू उचलून दाखवायची. टॉवेल? न्हाई. चष्मा? न्हाई. काठी? न्हाई. शेवटी ते भिंतीकडे तोंड करून निजायचे.

मग एक दिवस भर दुपारी आईचा फोन आला. मी कोपरगावच्या स्टँडवर डबा खात होते.

"अगं, तुझे वडील सकाळधरनं मिल, मिल करत्यात. दळन तर कालच आनलं गिरनीतनं. तरी म्या गव्हाचं पोतं दावलं, तर कपाळाला हात लावत्यात."

"आई, फोन त्यांच्या कानाला लाव," मी म्हणाले. आणि विचारलं, "अण्णा, काय पाहिजे?"

पलीकडून स्पष्ट, वर्गातल्या आवाजात आलं, "मिल्क."

मी डबा तसाच ठेवला. "आई, दूध मागतायत ते. दूध दे त्यांना."

"आँ? मग दूध म्हनायला काय झालं?" आई म्हणाली. फोन चालूच राहिला. मला पातेल्याचा आवाज आला, आईची पावलं आली, आणि मग अण्णांचा घोट घेतल्याचा आवाज. झटका आल्यानंतर त्यांनी नावानिशी मागितलेली पहिली वस्तू त्यांना मिळाली होती.

पुढच्या वेळी नगरला दाखवायला गेलो तेव्हा मी त्या बाईंना भीतभीतच सांगितलं. मला वाटत होतं, त्या म्हणतील हे चुकीचं वळण आहे, मराठीच बोलायला लावा. त्या म्हणाल्या, "होतं असं कधीकधी. रोज मोठ्याने म्हणून पक्का झालेला शब्द आधी वर येतो. कुठल्या का भाषेत असेना, येतोय ना? अडवू नका. ते इंग्रजीत म्हणाले की तुम्ही मराठीत म्हणा, आणि त्यांच्याकडून म्हणून घ्या."

आई शेजारी बसून ऐकत होती. "पर बाई, मला विंग्रजी कुठं येतंय?"

"मग त्यांनाच शिकवायला सांगा की," बाई म्हणाल्या.

आईने ते अगदी शब्दशः घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळचं काम आवरून ती अण्णांच्या खाटेसमोर पाटावर बसली, पुढ्यात सोलायला शेंगा घेतल्या आणि म्हणाली, "आवं, तुमी काय मागता ते मला कळंना. मला शिकवा."

तिने हे त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं आणि दिवसातून दहादा पोतं, काठी, चष्मा दाखवून ती थकली होती. पण अण्णा उठून बसले. मी त्या दिवशी तिथे होते, सुट्टी होती माझी. त्यांनी डाव्या हाताने उशी पाठीशी घेतली, सदऱ्याची कॉलर नीट केली. आणि मग ताट दाखवलं.

"प्लेट."

"पिलेट," आई म्हणाली.

"प्ले."

"प्लेट. मंजी ताट."

अण्णांनी तिच्या ओठांकडे बघितलं. "ता..."

"ताट," आई म्हणाली.

"ताट," अण्णा म्हणाले.

असं सुरू झालं. ती त्यांची विद्यार्थिनी होती आणि तीच त्यांना शिकवत होती, पण अण्णांना त्यातली पहिलीच बाजू दिसत होती, आणि तेच चांगलं होतं. चित्राच्या पत्त्यांवर चिडणारा माणूस आईच्या चुकांवर चिडत नव्हता. बकेटला ती बकीट म्हणायची, स्पूनला इस्पून. ते पुन्हा म्हणायचे, पुन्हा म्हणून घ्यायचे. शब्द स्वतःला आठवला नाही तर आधी भिंतीकडे वळायचे, तसे ते आता वळत नव्हते. समोर वर्ग बसलेला असताना शिक्षकाला वळता येत नाही.

पहिल्यांदा ते हसले तो दिवस मला फोनवर कळला. आई म्हणाली, "आज लई हसले तुझे वडील." झालं असं की ते तिला भाववाचक नाम सांगत होते, हात लावता येत नाही असं नाम. उदाहरण दिलं पेशन्स. आईने दवाखान्यात पेशंट पेशंट ऐकलेलं. ती म्हणाली, "त्ये तर तुमी." अण्णांनी मान हलवली. "तो पेशंट. कॉमन. हे पेशन्स. धी... धीर. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट." आईने शेंग सोलली, विचार केला आणि म्हणाली, "मंजी तुमी पेशंट अन् मी पेशन्स."

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय, डोळ्यातनं पानी येस्तोवर हसले. मला भ्याच वाटलं, परत काय हुतंय का म्हनून."

प्रकारांची नावं अण्णांना गेलीच नव्हती. वस्तूचं नाव अडायचं, पण वस्तू कुठल्या प्रकारात बसते ते लगेच सांगायचे. आईला आधी हे प्रकार कशाला पाहिजेत ते कळेना. एक दिवस ते पातेल्यावर टिचकी मारून म्हणाले, "हे कॉमन." मग पातेल्याच्या पत्र्यावर बोट फिरवलं, "हे मटेरियल." आई जरा थांबली. "असं व्हय. पातेलं येगळं अन् पातेलं ज्याचं केलं ते येगळं." तिने मग घरभर नजर फिरवली. दार आणि लाकूड. साडी आणि सूत. भाकरी आणि बाजरी. मी बघत होते, तिला ते आवडलं होतं. नंतर मला म्हणाली, "साळंत हे असलं शिकिवत्यात ठाव असतं तर म्या सोडली नसती साळा."

हिवाळ्यात चुलतभाऊ म्हैस घ्यायला घोडेगावच्या बाजाराला निघाला. अण्णा म्हणाले, "मी येतो." आई नको म्हणाली, गर्दी, धक्काबुक्की. पण ते काठी घेऊन टेम्पोपाशी जाऊन उभेच राहिले. मग आई निघाली, आणि मीही.

बाजारात म्हशींच्या रांगा लागल्या होत्या. शिंगांना रंग, गळ्यात नवे कासरे, व्यापारी दात बघतायत, कासेला हात लावतायत. अण्णा एका कडेला लिंबाखाली थांबले. बराच वेळ बघत होते. मला त्यांचे ओठ हलताना दिसले आणि मी आईला खुणेने गप्प केलं.

"कळप," ते म्हणाले.

इंग्रजी आधी आलं नव्हतं. कुणी म्हणून दाखवलं नव्हतं. सरळ मराठीत, आपलं आपण. त्यांच्याही ते लक्षात आलं. ते माझ्याकडे वळले आणि जरा जोरात म्हणाले, "कळप. समूहवाचक."

"आन् विंग्रजीत?" आईने विचारलं, परीक्षा घेतल्यासारखं.

"हर्ड," अण्णा म्हणाले, आणि पलीकडच्या शेळ्यांकडे काठी करून तिला विचारलं, "ते?"

आईला ते आलं नाही. त्यांनी सांगितलं, फ्लॉक. तिने दोनदा म्हणून घेतलं.

तेवढ्यात एक व्यापारी गर्दीतून पुढे आला आणि अण्णांच्या पाया पडला. कानाशी केस पिकलेले, मोबाईल सदऱ्याच्या खिशात वाजत होता. "सर, वळखलं का? तुमच्या हाताखाली हुतो आठवीला." अण्णांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं. ओळखलं होतं, ते मला त्यांच्या डोळ्यांवरून कळलं. पण विशेषनामं सगळ्यात दूर गेली होती. ती अजून परतली नव्हती. ओठ हलले, थांबले. मी घाईने काही सांगायला गेले, पण अण्णांनी हात वर केला. वर्गात मध्येच बोलणाऱ्याला थांबवायचे तसा.

"बॉय," ते म्हणाले. मग डावा हात त्या माणसाच्या खांद्यावर ठेवला. "माझा बॉय."

"व्हय सर, तुमचाच," तो म्हणाला. आमच्या म्हशीचा सौदा मग त्यानेच करून दिला.

विशेषनामांचं मी त्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "नावांना उशीर लागतो. तुम्ही घरात एकमेकांना नावाने हाक मारा, त्यांच्या कानावर पडू द्या." आणि आईकडे वळून, "तुमचं नाव त्यांना शिकवा आई. तुम्ही त्यांचं घ्या."

आईने मान खाली घातली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "त्यांनी माझं नाव कधी घेतलंच न्हाई. अगं म्हनायचं. म्या आवं म्हनायचं. लग्नात नाव घेतलं तेवढंच. आता गेलं काय अन् राहिलं काय."

"आई, डॉक्टरीण बाईंनी सांगितलंय," मी म्हणाले.

ती स्टँडकडे चालू लागली. पण त्या रविवारी मी घरी होते आणि रोजच्यासारखा वर्ग बसला होता. ताट, खिडकी, उखळ झालं. आईने हातातलं सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला. तिचे कान लाल झाले होते. स्वतःच्या छातीवर हात ठेवून तिने आपलं नाव घेतलं, हळूच, शेजारी ऐकू जाईल अशा भीतीने.

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. खूप वेळ लागला. पहिलं अक्षर आलं, मग गेलं. आईने पुन्हा म्हटलं. या वेळी जरा मोठ्याने. अण्णांनी डोळे मिटले आणि म्हणाले. अख्खं नाव, चुकलं नाही.

आईने पदराचं टोक तोंडाला लावलं. मी उठून पडवीत गेले, म्हशीला पाणी दाखवायच्या निमित्ताने. आतून थोड्या वेळाने आईचा आवाज आला. ती त्यांचं नाव घेत होती. उखाणा नाही, काही नाही, नुसतं नाव. आणि अण्णा मराठीत म्हणाले, "बरोबर. विशेषनाम."

माझं नाव त्यानंतर महिन्याभराने आलं, फोनवर. मी गाडीत होते, उभ्या उतारूंतून वाट काढत. एका हातात तिकिटाचं मशीन होतं आणि कानाशी फोन धरला होता. त्यांनी नाव घेतलं आणि पुढे काही सांगायचं होतं ते विसरले. मी म्हटलं, "राहू द्या अण्णा, एवढंच पुरे."

आता बरंच परत आलंय. सगळं नाही. बोलताना ते थांबतात, शब्द शोधतात, आणि आम्ही थांबायला शिकलोय. हात अजून पूर्ण वळत नाही, पण डाव्या हाताने खडू धरायला ते शिकलेत. खडू लागतो, कारण शेजारच्या दोघी-तिघी बायका आता दुपारी आमच्या ओट्यावर येऊन बसतात. एकीला मोबाईलवरचं वाचायचंय, एकीला बचत गटाच्या मिटिंगला तालुक्याला जावं लागतं आणि तिथले साहेब अर्धं इंग्रजीत बोलतात. आईनेच त्यांना आणलं. "आमचे सर शिकिवत्यात," ती म्हणाली त्यांना. पहिल्यांदाच ती त्यांना सर म्हणाली.

गेल्या आठवड्यात मी गेले तेव्हा वर्ग चालू होता. एका बाईने दाराच्या खालच्या आडव्या लाकडाकडे बोट केलं आणि विचारलं, "सर, ह्येला काय म्हनत्यात?"

अण्णांनी तिकडे बघितलं. कुणी सुचवलं नाही. आईने शेंगा सोलायचं थांबवलं नाही.

"उंबरा," अण्णा म्हणाले.

"ते ठाव हाय सर. विंग्रजीत?"

त्यांनी पुन्हा बघितलं, खडू बोटांत फिरवला. मग मान हलवली. भिंतीकडे वळले नाहीत, कपाळाला हात लावला नाही.

"आठवत नाही," ते म्हणाले. "उद्या सांगतो. आज पुढचं घेऊ."